डावीकडचं विमान

सोमवार, २ मार्च

डावीकडून येणारं शत्रूचं विमान दिसत नाही. मधोमध येऊन अंगावर पडेपर्यंत त्याचा पत्ताच नसतो. ही बातमी खुद्द दाजींनी दिली आणि रंगाऱ्याने तिला दुजोरा दिला. दोन ठिकाणांहून खात्री झाली, म्हणजे आमच्या जुन्या धंद्यात बातमी पक्की. वर्तमानपत्रात असतो तर आज रात्रीच्या अंकात लावून मोकळा झालो असतो.

पार्श्वभूमी अशी. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मी दाजी म्हणतो म्हणून सगळं दुकान त्यांना दाजीच म्हणतं. दुकानाच्या माडीवर वर्षभर एक खेळ तयार होतोय. टीव्हीला एक डबा जोडायचा, त्यात कॅसेट घालायची आणि जॉयस्टिक धरून विमान उडवायचं. शत्रूचं विमान डबा स्वतः चालवतो, किंवा दुसरी जॉयस्टिक जोडून दुसऱ्या माणसाला चालवता येतं. खेळाचा प्रोग्राम लिहिते मास्तरीण. आधी ती शाळेत गणित शिकवायची. एकदा घरचा टीव्ही दुरुस्तीला घेऊन आली, उघडलेल्या टीव्हीत डोकं घालून बसली आणि परत शाळेत गेलीच नाही, असं दाजी सांगतात. यातलं निम्मं तरी खोटं असणार. खोक्यावरचं चित्र काढतो रंगारी, जो एरवी दुकानांच्या पाट्या रंगवतो. सोबतची पुस्तिका लिहितो मी, कारण मी निवृत्त होऊन ताईच्या मागच्या खोलीत राहतो आणि दिवसभर मी तिला घरात नकोय.

वीस तारखेला प्रोग्राम कारखान्यात जायचा आहे. तिथे तो चिपमध्ये ओततात. एकदा ओतला की त्यातलं एक अक्षर बदलता येत नाही.

आज दाजी खेळता खेळता थांबले आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, हे डावीकडून येतं ते मधूनच कसं उगवतं गं? भुतासारखं?"

मास्तरीण म्हणाली, "मला तर नीट येताना दिसतंय."

"तुला दिसणारच. आईला पोराचं नाक कधी नकटं दिसतं का?"

रंगारी लगेच म्हणाला, "हो दाजी, मलापण तसंच वाटलं."

मी स्वतः खेळून पाहिलं. मला तसं काही वाटलं नाही. पण मी कुठला खेळाडू.

बुधवार, ४ मार्च

पुस्तिकेचं पहिलं पान जमत नाही, कारण मुख्य गोष्ट शब्दांत धरता येत नाही.

पडद्यावर वर निळं आणि खाली मातकट, मध्ये एक रेघ. ती रेघ म्हणजे क्षितिज. बस, एवढंच. पण जॉयस्टिक डावीकडे लोटली की विमान हलत नाही, जग कलतं. रेघ तिरकी होते आणि आपणही एका अंगाला झुकतो. मी आयुष्यात विमानात बसलेलो नाही. आज खुर्चीत बसून मी तोल सावरायला टेबल धरलं. मास्तरीण हसली नाही. म्हणाली, "धरलंत ना टेबल? मग झालं माझं काम."

हे सगळं चार हजार अक्षरांत बसवलंय. चार हजार, म्हणजे आमच्या वर्तमानपत्रात एका मंत्र्याचं उद्घाटनाचं भाषणसुद्धा मावायचं नाही. तेवढ्यात हिने आभाळ, जमीन, दोन विमानं, गोळ्या, आवाज आणि गुणांचा आकडा घातलाय. गेल्या आठवड्यात आठ अक्षरं कमी पडत होती. तिने स्फोटासाठी वेगळा आकार ठेवलाच नाही. प्रोग्रामचीच काही अक्षरं उचलून पडद्यावर भसाभसा ओतली. स्फोट म्हणजे अस्ताव्यस्तच, मग तो कशाचा का असेना, असं तिचं म्हणणं. मी तीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर कापत आलो. कापलेला तुकडा दुसरीकडे फुलासारखा खोचणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

शनिवार, ७ मार्च

दोषाचं कारण बहुतेक सापडलं. मास्तरणीने मला समजेल असं सांगितलं, तसंच उतरवतो.

टीव्हीच्या आत एक किरण असतो. तो डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, परत डावीकडे येतो, खालची ओळ काढतो. अख्खं चित्र साठवून ठेवायला आपल्या डब्यात जागा नाही. त्यामुळे किरण त्या ओळीवर पोचायच्या आत, त्या ओळीत काय काढायचं ते प्रोग्रामने ठरवून द्यायचं. दर ओळीला.

मी म्हणालो, "म्हणजे छपाई चालू असताना पुढची ओळ लिहायची."

"हो. आणि यंत्र थांबवायची सोय नाही."

आता क्षितिज कललं की आकडेमोड वाढते. उशीर होतो. तेवढ्यात किरण डावीकडून निघालेला असतो आणि तिथलं विमान काढायचं राहून जातं. म्हणून दोष डावीकडेच.

"मग सापडलं की," मी म्हणालो.

"नाही हो. मी शंभरदा डावीकडून विमान आणून पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर ते एकदाही चुकलं नाही. पण दाजींना दिसतंय, आणि कारण इतकं पटण्यासारखं आहे, की माझं धाबं दणाणलंय. गणितात चुकीचं उत्तर आलेलं परवडतं. बरोबर रीत आणि उत्तरच नाही, हे नको."

सोमवार, ९ मार्च

घरचं वातावरण तापलंय. ताई म्हणाली, "ते खेळाचं खूळ शिरल्यापासून या माणसाचं लक्ष नाही. काल मी शेजारी बसून अर्धा तास बोलत होते. यांनी मान म्हणून वळवली नाही. भिंतीने तरी हुंकार दिला असता."

दाजींनी आज अर्धं ताट तसंच टाकलं. ताई म्हणाली, "आवडलं नसेल तर सांगावं." ते म्हणाले, "संपवलं की सगळं." ताईने ताट उचललं, ते जरा जोरातच. मागच्या आठवड्यात त्यांनी स्कूटर फाटकाच्या खांबाला घासली होती, तीही आजच्या भांडणात निघाली. काळजी माणसाला किती बेसावध करते, हे वीस तारीख गेली की ताईलाही समजेल.

जेवल्यावर दाजी पेपर वाचत होते. मला म्हणाले, "संपादक, तुम्ही सोडलात आणि पेपर रसातळाला गेला. एका मथळ्याला बुडखा आहे पण शेंडा नाही." मी कधी संपादक नव्हतो, साधा उपसंपादक होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी बरं वाटलं, नाही म्हणणार नाही.

मंगळवार, १० मार्च

दाजींनी निर्णय दिला. क्षितिज कलणार नाही. सरळ राहील.

ते म्हणाले, "घाऊकवाल्याने माल परत पाठवला तर दुसरा खेळ काढायची ताकद माझ्यात नाही. दोष असलेला टीव्ही मी कधी गिऱ्हाइकाला दिला नाही. कॅसेट कशी देऊ?"

मास्तरीण म्हणाली, "कलणं गेलं तर हा विमानाचा खेळ राहत नाही, दाजी. ढकलगाडीचा होतो."

"मला कळत नाही का ते? मला काय हौस आहे?" दाजींनी जॉयस्टिक बाजूला ठेवली. "मी रोज वर येतो तो कशासाठी? ते जग कलताना बघायलाच येतो ना मी?"

मास्तरणीने एवढंच मागितलं की कारखान्यात जाईपर्यंत तिला शोध घेऊ द्यावा. दाजी हो म्हणाले. तोवर दोन्ही प्रती तयार ठेवायच्या, कलती आणि सरळ.

सरळवाली मी खेळून पाहिली. फळ्यावर रेघ मारावी तशी रेघ. टेबल धरावंसं वाटलं नाही.

शुक्रवार, १३ मार्च

रंगाऱ्याने आज बाँब टाकला, तोही ब्रश धुता धुता.

मास्तरीण त्याला विचारत होती, की डावीकडचं विमान दिसत नाही तेव्हा क्षितिज किती कललेलं असतं. तो आधी म्हणाला थोडं, मग म्हणाला बरंच, मग ब्रश धूत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, खरं सांगू का? मला ते कायम दिसतं."

"मग हो कशाला म्हणालात?"

"दाजी मालक आहेत. मालकाला दिसलं नाही तर मला दिसून कसं चालेल?"

आणखी विचारल्यावर आणखी निघालं. दाजींसमोर दुसरी जॉयस्टिक हा धरतो तेव्हा तो आपलं विमान मुद्दाम उजवीकडूनच आणतो आणि पाडून घेतो. "डावीकडून आणलं की ते चिडतात. उजवीकडून आणलं की दाणकन पाडतात आणि खुश होतात. मला काय, माझं विमान थोडंच आहे."

म्हणजे माझा दुसरा दुजोरा हा पहिल्याचाच प्रतिध्वनी होता. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हे समजायला हवं होतं. चडफडलो.

मास्तरीण रागावेल असं वाटलं. ती उलट खुर्ची ओढून बसली आणि रंगाऱ्याला म्हणाली, "उजवीकडून दाणकन पाडतात? प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. तिथे नेम पक्का."

तिने ते कागदावर लिहून घेतलं.

शनिवार, १४ मार्च

आज माडीवर एक अजब प्रयोग झाला. मास्तरणीने टीव्ही उलटा करायला लावला. डोकं खाली, पाय वर. टीव्ही जड, मी एका बाजूला, रंगारी दुसऱ्या बाजूला. दाजी सूचना देत होते, "काचेला हात नको, मागून धरा. संपादक, पाठ सांभाळा, तुमचे सुटे भाग आता मिळत नाहीत."

कल्पना साधी आणि सुंदर होती. टीव्ही उलटा केला की प्रोग्रामची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. किरणाला उशीर होत असेल, तर न दिसणारं विमान आता उजवीकडे असायला हवं. पडद्याच्या काचेत काही बिघाड असेल, तरी तोही बाजू बदलणार.

जमीन वर, आभाळ खाली. दाजींनी फक्त नेम धरायच्या मधल्या फुलीवर नजर ठेवायची आणि विमान दिसलं की हो म्हणायचं. मास्तरणीने दुसरी जॉयस्टिक घेतली.

उजवीकडून विमान आलं. "हो," दाजी म्हणाले. पुन्हा उजवीकडून. "हो."

मग डावीकडून. विमान कडेला आलं, मोठं होत होत सरकलं. मी बघत होतो, रंगारी बघत होता. दाजी गप्प. ते फुलीपाशी पोचल्यावर दाजी दचकले. "हे बघ. आलं भूत. डावीकडेच."

"अजून डावीकडेच?" मास्तरणीने विचारलं.

"डावीकडेच. तुझ्या उलट्या टीव्हीने काही फरक पडला नाही."

म्हणजे दोष प्रोग्राममध्ये नाही आणि टीव्हीतही नाही. मी सुचवलं की डावीकडच्या खिडकीचा उजेड पडत असेल, पडदा लावून पाहू. मास्तरणीने माझ्याकडे पाहिलं आणि "लावू या" म्हणाली, पण जागची उठली नाही. पडदा मीच लावला. मग तिने दाजींना विचारलं, "आज घरी कसे जाणार? स्कूटरवर?" ते हो म्हणाले. ती म्हणाली, "आज मला सोडायला संपादक येतील, तुम्हीपण चला चालत. मला तुमच्याशी ट्रान्झिस्टरबद्दल बोलायचंय." रस्ताभर ती त्यांच्या डाव्या बाजूने चालली, पण ट्रान्झिस्टरबद्दल एक अक्षर बोलली नाही. मुलगी हुशार आहे, पण थकली आहे असं वाटतं.

सोमवार, १६ मार्च

सकाळी मास्तरीण घरी आली. मला ताईने साखर आणायला पाठवलं. घरात साखर होती, डबा भरलेला मी कालच पाहिला होता.

परत आलो तर ताई दाजींच्या डाव्या हाताला उभी होती, अगदी खुर्चीला लागून. दाजी पेपर वाचत होते. ताईने हात लांब करून तो डावीकडून हळूहळू त्यांच्या समोर आणला. हात नाकासमोर येईपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही की वर पाहिलं नाही. मग दचकून म्हणाले, "अगं, कधी आलीस तू?"

ताई म्हणाली, "मघाशीच. इथेच आहे मी."

मला तेव्हा कळलं. अर्धं ताट, फाटक, मथळ्यांचे शेंडे. सगळ्या बातम्या माझ्याच हातून गेल्या होत्या, रोजच्या रोज, याच वहीत. मी नुसत्या तारखा घातल्या.

ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मास्तरणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. ताई म्हणत होती, "आणि मी म्हणत होते बघत नाही माझ्याकडे."

बुधवार, १८ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दाजी वाटेत म्हणत होते, "एक कॅसेट दुरुस्त होईना म्हणून मालकालाच दुरुस्तीला काढलंय यांनी." तपासणी बराच वेळ चालली. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. भिंग स्वच्छ, पडदा स्वच्छ. पण दोन्ही डोळ्यांनी डावी बाजू दिसत नाही, आणि ते त्यांच्या लक्षात येत नाही, कारण तिथे अंधार दिसत नसतो, काहीच दिसत नसतं. अडचण डोळ्यांच्या मागे, डोक्यात कुठेतरी आहे.

दाजी म्हणाले, "म्हणजे पिक्चर ट्यूब चांगली आहे. मागचं वायरिंग बघावं लागेल."

डॉक्टर म्हणाले, "तसंच समजा. आणि हे लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या घरी फार सावध माणूस आहे."

दाजींनी मास्तरणीकडे बोट दाखवलं. ती कोपऱ्यात उभी होती. "ही. माझ्या घरची नाही, पण आहे."

शुक्रवार, २० मार्च

प्रोग्राम कारखान्यात गेला.

घाऊकवाल्याचा फोन दोनदा येऊन गेला होता. मास्तरीण दोन्ही प्रती समोर ठेवून बसली होती आणि म्हणत होती, की डोक्याचा फोटो निघेपर्यंत हे सगळं थांबवू, दाजींना आता त्रास नको. दाजी जिना चढून आले. ताईने खाली थांबा म्हटलं होतं, तेव्हा अर्थातच वर आले.

"दोष माझ्यात निघाला ना? मग तुझ्या प्रोग्रामला शिक्षा कशाला? कलतं पाठव."

"खात्री आहे तुमची?"

"मास्तरीणबाई, तू माझा शब्द खरा धरून दोन आठवडे स्वतःचं काम उसवत बसलीस. मला दिसत नव्हतं, तर तू खोटं आहे म्हणाली नाहीस. आता मी तुझा शब्द खरा धरतो. पाठव."

तिने पाठवलं. मी पुस्तिकेच्या पहिल्या पानावरची चार वाक्यं खोडून एकच लिहिलं: "सुरुवातीला टेबल धरून बसा." दाजींनी ते वाचलं, मान डावीकडे वळवून, पूर्ण ओळ. ही युक्ती त्यांना डॉक्टरांनी शिकवली. म्हणाले, "संपादक, याला शेंडा आहे."

सोमवार, २३ मार्च

डोक्याचा फोटो निघाला. उजव्या बाजूला मागे, जिथून डावीकडचं दिसतं तिथे, सुपारीएवढी गाठ आहे. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की दिसतंय त्यावरून ही पसरणाऱ्या जातीची नाही, जागच्या जागी बसून दाबणारी आहे. काढता येईल. डावी बाजू परत येईल का, हे मात्र ते सांगत नाहीत. सगळी येईल, थोडी येईल किंवा येणारही नाही. आणखी सहा महिने कोणाच्या लक्षात आलं नसतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कधी?"

बुधवार, २५ मार्च

ऑपरेशन उद्या सकाळी. दाजींना आज संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. जायच्या आधी म्हणाले, एक डाव खेळून जातो. रंगारी सवयीने दुसरी जॉयस्टिक घ्यायला पुढे झाला, तर ताई म्हणाली, "ती इकडे द्या."

सगळे बघतच राहिले. वर्षभरात तिने या खोलीत पाऊल टाकलं होतं ते चहा द्यायला आणि बोल लावायला. मास्तरणीने तिला हात कुठे ठेवायचा ते दाखवलं. ताईने पहिल्यांदा विमान जमिनीतच घातलं. दाजी म्हणाले, "सोपं नसतं ते. स्वयंपाकासारखं नाही." ताई म्हणाली, "स्वयंपाक तरी कुठे येतो तुम्हाला?" आणि दुसऱ्या वेळी तिचं विमान हवेत राहिलं.

तिने ते डावीकडून आणलं. मुद्दाम. रंगारी माझ्या कानात म्हणाला, "अहो, त्यांना सांगा ना, उजवीकडून." मी त्याला गप्प केलं.

दाजींचं जग कललं. कलत्या जगात त्यांनी मान वळवली, पुरती खांद्यापर्यंत, आणि ते छोटं विमान कडेला असतानाच त्यांना सापडलं.

"आलीस का," ते म्हणाले.

गोळी त्यांनी झाडली नाही. बघत बसले. ताईने त्यांना पाडलं. पडदा अस्ताव्यस्त अक्षरांनी भरून गेला आणि दाजी इतके हसले की मास्तरणीला यंत्र बंद करावं लागलं. वर्षभरात त्यांना या खोलीत हरवणारी ताई पहिलीच.

मग सामान घेऊन सगळे निघाले. उद्या ताई आणि मास्तरीण दवाखान्यात थांबतील. दुकान मी उघडायचं. घाऊकवाल्याचा फोन येणारच, त्याला काय सांगायचं ते दाजी रिक्षात बसता बसता बजावून गेले. "मालक कुठे आहेत असं विचारलं, तर नेहमीसारखं 'वर गेलेत' म्हणून मोकळे होऊ नका. दवाखान्यात गेलेत म्हणा. उगाच हार घेऊन यायचा."

ताई म्हणाली, "काहीतरीच बोलता." पण हसली.

ऑपरेशनला तीन-चार तास लागतील असा डॉक्टरांचा अंदाज आहे. शुद्धीवर आले की ते दाजींना दोन्ही बाजूंनी बोटं दाखवून विचारणार आहेत, किती. त्यानंतर ताई दुकानात फोन करेल. मी फोनजवळच बसणार आहे.